मूळ पुरुषाच्या वरची कोरी जागा : नवी मुंबईच्या गावांतील वंशशोध

वंशावळीच्या कागदावर सर्वांत वर एक नाव असते. त्याखाली मुलगे, नातू, पणतू अशा शाखा पसरत जातात. वर मात्र कागद कोरा असतो. या पहिल्या नावाला ‘मूळ पुरुष’ म्हणण्याची प्रथा आहे. वास्तविक त्यालाही आईवडील, भाऊबहिणी होत्याच. त्यांची नावे कुटुंबाच्या स्मरणातून पुसली गेली आणि वंश तिथूनच सुरू झाला असे मानले जाऊ लागले, इतकेच. बेलापूर, पनवेल आणि उरण पट्ट्यातील भूमिपुत्रांना ही कोरी जागा भरण्याची गरज केवळ कुतूहलापोटी भासत नाही. सामाईक जमिनीत कोणाचा हिस्सा किती, कोणते घर आपल्या भाऊबंदकीतले आणि कोणते नुसतेच एका आडनावाचे, याचा निवाडा पुष्कळदा याच जागेपाशी येऊन थांबतो.

भूसंपादनाने उभा केलेला प्रश्न

सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली. ठाणे, पनवेल आणि उरण या तीन तालुक्यांतील ९५ गावांच्या परिसरात नवे शहर वसवण्याचे ठरले आणि भातशेती, मिठागरे व खाडीतील मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी, कोळी, कराडी आदी समाजांच्या जमिनी संपादित होऊ लागल्या. मोबदल्याच्या प्रश्नावर दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा उभा राहिला. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात झालेल्या पोलीस गोळीबारात पाच आंदोलक हुतात्मा झाले. या लढ्यातूनच संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली व १९९० नंतर तिची अंमलबजावणी सुरू झाली.

भूखंडवाटपाची वेळ येईपर्यंत सातबारावरील अनेक मूळ खातेदार निवर्तले होते. भूखंड वारसांना द्यावयाचा, तर वारस कोण हे सिद्ध व्हावे लागते. त्यासाठी दिवाणी न्यायालयाकडून वारस दाखला मिळवण्याची जी तरतूद महाराष्ट्रात वापरली जाते, तिचे मूळ १८२७ च्या मुंबई विनियम क्रमांक ८ मध्ये आहे. खातेदार एकटा असेल, तर त्याच्या मुलाबाळांपर्यंतचा पुरावा पुरतो. परंतु खाते सामाईक असेल, तर सर्व हिस्सेदारांना जोडणाऱ्या समान पूर्वजापर्यंत जाणे भाग पडते. तो पूर्वज वंशावळीतल्या पहिल्या नावाच्याही एक पिढी वर असला, की शोध अडतो.

‘वल्द’, ‘बिन’ आणि ‘वगैरे’

जुने मराठी दप्तर एका बाबतीत शोधकाला अनुकूल आहे. आडनाव लिहिण्याचा प्रघात खेड्यांत उशिरा पडला. पण माणसाच्या नावापुढे त्याच्या बापाचे नाव बहुधा लिहिले जाई. ‘राघो वल्द हरी’ किंवा ‘राघो बिन हरी’ याचा अर्थ हरीचा मुलगा राघो. स्त्रीच्या नावापुढे ‘कोम’, ‘मर्द’ किंवा ‘भ्रतार’ असा शब्द येई व त्यानंतर नवऱ्याचे नाव. म्हणजेच पुरुषाच्या एका नोंदीत दोन पिढ्या सापडतात, तर स्त्रीच्या नोंदीत तिचा बाप नाहीसा होतो.

याच दप्तरातील काही शब्द मात्र नावे झाकतात. ‘वगैरे’ हा त्यांतला पहिला. खात्यावर थोरल्या भावाचे नाव आणि पुढे ‘वगैरे’ एवढेच लिहिलेले असेल, तर त्या एका शब्दाआड दोन-तीन भाऊ दडलेले असू शकतात. ‘ए. कु. मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, या अक्षरांचीही तीच कथा. अशा नोंदीतील माणूस एकुलता एक असल्याचे समजून चालणे ही वंशावळीतील एक जुनी आणि महागात पडणारी चूक आहे.

आडनावाचा आधारही बेताचाच घ्यावा लागतो. ‘पाटील’ हे मुळात पदाचे नाव. दोन शेजारच्या गावांतील पाटील एका कुळीचे असतीलच असे नाही. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याच्या रिवाजामुळे एका घराण्यात तीच दोन-तीन नावे पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहतात. कुलदैवतावरूनही फारसे निष्पन्न होत नाही. कार्ल्याची एकवीरा असंख्य आगरी-कोळी कुटुंबांची कुलस्वामिनी आहे.

आजपासून मागे

वंशशोधाचा पहिला नियम असा, की ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे. नवी मुंबईत पहिली पायरी म्हणजे भूसंपादनाचा निवाडा. १८९४ च्या भूसंपादन कायद्यानुसार जमिनीत हितसंबंध असलेल्या व्यक्तींना नोटिसा काढल्या जात व निवाड्यात त्यांची नावे येत. वाढीव मोबदल्यासाठी न्यायालयात गेलेल्या दाव्यांत तर मयत खातेदाराच्या वारसांची यादी नात्यांसह सापडते. कुटुंबाकडे असलेल्या कागदांत हा निवाडा अनेकदा असतो. परंतु रक्कम पाहून तो ठेवून दिलेला असतो, नावे कोणी वाचलेली नसतात.

त्यामागे महसुली दप्तर येते. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ मध्ये झाला. त्यानंतर जमीन ज्या कारणाने एका नावावरून दुसऱ्या नावावर गेली, ते कारण फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, लिहिले जाऊ लागले. वारसांच्या प्रकरणांसाठी ६ क हा स्वतंत्र नमुना आहे. सातबारावर नाव मिळते. ते तिथे का आले, हे फेरफार सांगतो. म्हणून सातबाराच्या उताऱ्यावर नावाशेजारी असलेले फेरफारांचे क्रमांक टिपून एकेक फेरफार मागे वाचत जाणे, ही खरी पद्धत. अनेक जुने सातबारे व फेरफार आता स्कॅन होऊन संगणकावर पाहता येतात.

१९०३ च्या मागे शेतवार पत्रक, प्रतिबुके, फाळणीचे कागद अशी भूमी अभिलेख खात्याची कागदपत्रे आहेत. मोजणीच्या वेळी क्षेत्र कोणाच्या नावे होते, हे त्यांतून कळते. नोंदणी कार्यालयातील खरेदीखते, गहाणखते, दत्तकपत्रे आणि मृत्युपत्रे हा आणखी एक समृद्ध साठा. शाळांच्या जनरल रजिस्टरात मुलाचे नाव, बापाचे नाव, जात व जन्मस्थान यांची नोंद असते. गाव नमुना १४, म्हणजे बोलीभाषेतील ‘कोतवाल बुक’, यात जन्ममृत्यूंच्या नोंदी आहेत. या नोंदवहीत जन्माच्या पुढे मुलाचे नाव पुष्कळदा नसते, कारण वर्दी दिली जाई तेव्हा बारसे झालेले नसे. ‘अमक्यास मुलगा’ एवढेच असते. त्यामुळे मुलाच्या नावाने नोंद शोधणारा रिकाम्या हाताने परततो आणि बापाच्या नावाने शोधणाऱ्याला ती मिळते.

दप्तर कोठे शोधावे

गाव जागेवर राहिले, तरी त्याचा जिल्हा बदलत गेला. कुलाबा जिल्हा १८६९ मध्ये निर्माण झाला. पनवेल व उरणचा भाग मात्र १८८३ मध्ये ठाणे जिल्ह्यातून त्यात आला. १ जानेवारी १९८१ पासून कुलाब्याचे नाव रायगड झाले. म्हणून पनवेलच्या कुटुंबाचा १८८३ पूर्वीचा कागद अलिबागेत सापडला नाही, तर तो ठाण्याच्या दप्तरात असण्याचा संभव राहतो. बेलापूर पट्टी ठाणे तालुक्यातच राहिली. पुढे ग्रामपंचायती जाऊन १९९२ मध्ये नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला आणि २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली. पनवेल नगरपालिका तर १८५२ पासूनची. प्रत्येक बदलात दप्तरे एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जातात. ‘नोंद नाही’ या उत्तराचा अर्थ ‘या कार्यालयात नाही’ एवढाच घेणे शहाणपणाचे.

त्याहूनही मागे गेल्यास राज्येच वेगळी होती. पनवेलचा मुलूख १८१८ पर्यंत पेशवाईत होता, तर उरणचे करंजा बेट १७८२ च्या सालबाईच्या तहानंतर इंग्रजांकडे कायम राहिले. खाडीच्या दोन बाजूंच्या गावांचे कागद त्यामुळे वेगवेगळ्या दप्तरांत विभागले गेले. पुण्याचे पेशवे दप्तर आणि मुंबईचे पुराभिलेखागार ही यांतील दोन मुख्य ठिकाणे होत. १८५२ च्या कायद्याने नेमलेल्या इनाम कमिशनपुढे इनामदार व वतनदारांना आपला हक्क सिद्ध करावा लागला. अशा चौकशांत घराण्यांच्या वंशावळी दाखल झाल्या. पाटीलकी वा इतर वतन असलेल्या घरांना हा आधार मिळू शकतो.

हे कागद बहुतांशी मोडी लिपीत आहेत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो आणि शब्द सलग लिहिलेले असतात. नाव चुकीचे तोडून वाचले, तर नसलेला पूर्वज निर्माण होतो. कालगणनेचेही भान हवे. शकात ७८ मिळवले, की स्थूलमानाने इसवी सन येतो. सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात, तर दख्खनच्या फसलीत ५९० किंवा ५९१.

कुळांचे अदृश्य पूर्वज

तरीही अनेक आगरी कुटुंबांचा शोध विसाव्या शतकाच्या मध्यापाशी अडतो. याचे कारण कागद हरवण्यात नाही. जमीन कसणारा कूळ होता आणि कागदावर नाव खोताचे किंवा सावकाराचे होते. कुलाबा जिल्ह्यातील या व्यवस्थेविरुद्ध नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ या काळात चरीचा शेतकरी संप झाला. पुढे १९४८ चा कूळ कायदा, १९४९ चा खोती निर्मूलन कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन असे टप्पे आले आणि कसणाऱ्यांची नावे मालक म्हणून दप्तरात चढली. अशा घरांना खोतांच्या व सावकारांच्या कबुलायती, गहाणखते, कुळ नोंदवह्या आणि फिर्यादींचे कागद पाहावे लागतात. आपल्या पूर्वजाचे नाव मालकाच्या कागदात कुळ, जामीन, लगतचा शेतकरी किंवा साक्षीदार म्हणून येते. चतुःसीमेत ‘पूर्वेस अमक्याचे शेत’ असे लिहिताना त्या अमक्याच्या बापाचे नावही कधी कधी लिहिले जाते. स्वतःच्या नावाच्या नोंदीत न मिळालेला बाप अशा वेळी शेजाऱ्याच्या खरेदीखतात भेटतो.

आईचा शोध

वडिलांपेक्षा आईचे नाव शोधणे अवघड, पण अशक्य नव्हे. बाप हयात असेतो तिचे नाव दप्तरात येण्याचे कारणच पडत नसे. ते येते बाप अकाली गेल्यावर. अल्पवयीन मुलाच्या नावापुढे ‘अ. पा. क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, ही अक्षरे व त्यापुढे ‘आई’ असे लिहून तिचे नाव नोंदवलेले असते. ही एक ओळ आईचे नाव, मुलाचे नाव, बापाचा मृत्यू आणि मुलाचे अल्पवय असे चार पुरावे एकदम देते. विधवेचे पोटगीचे करार, वाटणीपत्रे आणि दत्तकपत्रे यांचेही मोल असेच.

पाटाची, म्हणजे पुनर्विवाहाची, चाल असलेल्या समाजांत आई दुसऱ्या घरी गेल्यावर तिच्याबरोबर गेलेला मुलगा कधी सावत्र बापाच्या गावातच वाढे. पुढे तो त्या गावातील शाखेचा मूळ पुरुष ठरे. त्याच्या जन्मदात्याची नोंद मात्र दुसऱ्या गावी. घरजावयाचेही तेच. सासऱ्याच्या जमिनीवर आलेल्या माणसाचे आईबाप त्या गावच्या दप्तरात मिळणार नाहीत. अशा वेळी सोयरिकी ज्या गावांत होत, त्या पंचक्रोशीतील नोंदवह्या पाहणे हाच मार्ग. विमानतळासाठी वाघिवली, तरघर, कोंबडभुजे आदी दहा वस्त्या उठल्या, तेव्हा घरे-देवळांबरोबर अशा सोयरिकींची माहिती असलेली वडीलधारी माणसेही वेगवेगळ्या ठिकाणी विखुरली. त्यांच्या आठवणी गावांच्या नावांसह लिहून ठेवणे हे तातडीचे काम होय.

दप्तराबाहेरच्या वह्या

नाशिक, त्र्यंबकेश्वर येथील तीर्थपुरोहितांच्या नामावळींत यात्रेकरूचे नाव, गाव, आजा-पणजा आणि सोबतचे आप्त यांची नोंद मिळते. या नोंदी यात्रेकरूने स्वतः सांगितलेल्या असल्याने त्यांत स्त्रियांची नावेही आढळतात. नवी मुंबईत साताऱ्या-सांगलीकडून आलेल्या माथाडी कामगारांची मोठी वस्ती आहे; त्यांच्या मूळ गावी हेळवी समाजाकडे घराण्यांच्या वह्या असतात आणि हे लोक ठरावीक काळाने येऊन कुळी वाचून दाखवतात. अशी वही संशोधनाला दिशा देते; तिला महसुली कागदाची जोड मिळाली, की पुरावा पक्का होतो.

अशीच कोंडी परदेशांतही आहे. अमेरिकेत जनगणना १७९० पासून होते; पण १८५० पूर्वी ती केवळ कुटुंबप्रमुखाचे नाव नोंदवी. परिणामी केंटकी, टेनेसीसारख्या सरहद्दीवरील वसाहतकऱ्यांचे आईबाप हजारो कुटुंबांना सापडत नाहीत. तेथील शोधकही अखेर शेजाऱ्यांची खरेदीखते आणि अनाथ मुलांच्या पालकत्वाचे कागद यांकडेच वळतात. मॉरिशसला गेलेल्या मराठी गिरमिटियांच्या वंशजांची स्थिती त्यामानाने बरी. १८३४ पासून तेथे सुमारे साडेचार लाख भारतीय मजूर उतरले. प्रत्येकाला क्रमांक मिळे आणि नोंदवहीत त्याचे व बापाचे नाव, गाव, जिल्हा लिहिला जाई. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत या नोंदवह्या जतन केलेल्या आहेत. कोकणातून समुद्रापार गेलेल्या मजुराच्या बापाचे नाव तेथे मिळते आणि त्याच्या गावात राहिलेल्या भावाचे वंशज मात्र ते शोधत असतात, असेही घडू शकते.

भारतात जनगणनेचा आधार घेता येत नाही. १९४८ च्या कायद्यानुसार व्यक्तिगत तपशील गोपनीय असतो. १९५१ चे नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर मात्र काही ठिकाणी उपलब्ध आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेल्यानंतर कुणबी नोंदींसाठी राज्यभर जुन्या दप्तरांची, विशेषतः मोडी कागदांची, तपासणी झाली. त्यामुळे वर्षानुवर्षे बांधून ठेवलेले रुमाल उघडले गेले आणि अशा नोंदींचे महत्त्व सर्वसामान्यांपर्यंत पोहोचले. डीएनए चाचणीने दोन पुरुष एकाच पितृवंशाचे आहेत की नाहीत, हे कळू शकते. त्यांच्या समान पूर्वजाचे नाव ती सांगू शकत नाही.

पुरावा आणि अंदाज

नाव जुळले म्हणजे माणूस जुळला असे होत नाही. नाव, बापाचे नाव, गाव, जमिनीचा क्रमांक आणि काळ यांपैकी निदान तीन गोष्टी जुळाव्यात व कोणतीही गोष्ट विरोधात जाऊ नये, अशी कसोटी लावणे इष्ट. मुलाच्या जन्माच्या वेळी बाप दहा वर्षांचा ठरत असेल, तर मधली एक पिढी गळली आहे किंवा एका नावाची दोन माणसे एक झाली आहेत, असे समजावे. प्रत्येक नावापुढे कागदाचा प्रकार, क्रमांक व तारीख लिहावी. केवळ सांगीव माहिती असेल, तर तसे नमूद करावे.

ही काटेकोर वृत्ती आवश्यक ठरते, कारण वंशावळ प्रतिज्ञापत्रावर दिली जाते आणि तिच्यात जोडलेली एक खोटी रेघ कोणाचा तरी हिस्सा कमी करते. वगळलेल्या नावाचाही परिणाम तितकाच गंभीर. जुन्या वंशावळींत मुलींना जागाच नसे. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या हिंदू उत्तराधिकार कायद्यातील दुरुस्तीने मुलीला जन्मतः सहदायादाचा हक्क दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये, त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, हे स्पष्ट केले. आत्या व पणजीच्या नोंदी शोधण्यास त्यामुळे कायद्याचेही कारण मिळाले आहे.

मूळ पुरुषाच्या वरची जागा काही घरांत अखेरपर्यंत कोरीच राहील. तिथे सोयीचे नाव लिहिण्याऐवजी कोणते कागद पाहिले आणि काय मिळाले नाही, याची टिपणी ठेवली, तर पुढची पिढी तिथून पुढे जाऊ शकते. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात शासकीय कागदपत्रांवर प्रथम मुलाचे, मग आईचे, मग वडिलांचे नाव व शेवटी आडनाव असा क्रम राज्य शासनाने ठरवला आहे. या मुलांच्या पणतवंडांना निदान त्यांच्या आईचे नाव शोधण्यासाठी कोणाच्या अकाली मृत्यूची नोंद धुंडाळावी लागणार नाही.